वाद नेमका कशावर?

‘मौखिक परंपरा (धर्मग्रंथाबरोबर तोंडी चालत आलेले नियम) देवानेच दिली, मग रब्बी (ज्यू धर्मगुरू) भांडतात कशाला?’ हा ज्यू परंपरेवरच्या लेखातला सवाल रास्त, पण १२व्या शतकातल्या ज्यू पंडित मैमोनिडीसचं उत्तर त्यात राहून गेलंय. तो म्हणतो, मोशेकडून (देवाने ज्याला नियम दिले तो प्रेषित) जसेच्या तसे आलेल्या नियमांवर वाद नाहीच. वाद होतो तर्काने काढलेल्या नियमांवर. हनुक्का या आठ रात्रींच्या ज्यू सणाचे दिवेच घ्या (हा सण तर मोशेच्या कितीतरी नंतरचा). प्राचीन रब्बी शम्मायचे शिष्य म्हणत, पहिल्या रात्री आठ लावा, रोज एक कमी करा. त्याच्याच काळातल्या रब्बी हिल्लेलचे शिष्य म्हणत, एकापासून वाढवत न्या. आज घरोघरी हिल्लेलची रीत चालते, तरी तालमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) शम्मायचं मतही कारणासकट जपलंय. आणि शिष्य गुरूंजवळ पुरेसे बसले नाहीत म्हणून वाद वाढले, अशी सरळ कबुलीही तिथेच आहे! लेखात ती यायलाच हवी होती.