'खुळा' गाडीचा विमा

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आठ-दहा माणसांदेखत माझी गाडी नापास झाली. धडकली नव्हती, बंद पडली नव्हती, नुसती उभी होती बिचारी.

गाडी म्हणजे २०१४ची डिझेल स्विफ्ट, कोल्हापूरच्या एका हौशी पोराकडून घेतलेली. त्याची हौस अशी: सतरा इंची अलॉय, स्प्रिंग कापून जमिनीला टेकवलेलं पोट, हवा आत घेण्यासाठी बॉनेटवर बसवलेलं पण आतून बंद असलेलं नाक, आणि वरणाच्या पातेल्याएवढं तोंड असलेला सायलेन्सर. मागच्या काचेवर 'नाद खुळा'. हे स्टिकर मी दोन रविवार ब्लेडने खरवडलं. 'नाद' निघाला. 'खुळा' काही केल्या निघेना. तेव्हापासून सिंहगड रोडवर माझ्यामागे येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याविषयी नेमकी माहिती मिळते.

गाडी नावावर होईपर्यंत जुनी पॉलिसी संपून बारा दिवस झाले होते. अशा केसला या धंद्यात 'ब्रेक-इन' म्हणतात. फोनवर हे ऐकून मला आधी वाटलं, घरफोडी झाली. एजंट म्हणाला, "सर, गाडीचं इन्स्पेक्शन लागेल." मग जरा थांबून, "सर, घरात मोठं कोणी आहे का? वडील वगैरे?" मी चोवीस वर्षांचा आहे. पीएफ कापला जातो माझा. पण आवाज बारीक आहे, त्याला काय करणार? सिलिंडरवालासुद्धा मला फोनवर "बाळा, मम्मीला दे" म्हणतो.

खरं तर आपल्याकडे विम्याचा हप्ता मुख्यतः इंजिनाचे सीसी, गाडीचं वय आणि ती कुठे नोंदली आहे, यावर ठरतो. तुमच्या वयाशी त्याला फारसं घेणंदेणं नसतं. इंग्लंडात लेस्टरला शिकायला गेलेल्या माझ्या मावसभावाचं उलट. तिकडे वय कमी म्हणजे हप्ता जास्त. एक लिटर इंजिनाची जुनी कोर्सा घेतली पठ्ठ्याने, तर वर्षाच्या विम्याचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा. तिथे साधे अलॉय घातले तरी कंपनीला कळवावं लागतं. शेवटी त्याने गाडीत एक डबा बसवून घेतला, मग हप्ता जरा उतरला. तुम्ही किती जोरात ब्रेक मारता, रात्री कितीला बाहेर पडता, सगळं तो डबा कंपनीला सांगतो. आपल्याकडे असल्या डब्याची गरज नाही. आपल्याकडे दुसऱ्या मजल्यावर काका असतात.

आमचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांची पांढरी मारुती ८०० पार्किंगमध्ये कव्हर घालून असते. दर रविवारी काका बादली घेऊन खाली येतात आणि कव्हर धुतात. आतली गाडी शेवटची कोणी पाहिली, यावर सोसायटीत मतभेद आहेत. पण तिचा विमा एक दिवसही चुकलेला नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पूर्ण ५० टक्के, मिळू शकते तेवढी सगळी. "एक क्लेम नाही आजवर!" असं ते सांगतात, तेव्हा समोरच्याने नुसती मान डोलवायची असते.

इन्स्पेक्शनला आलेला पोरगा माझ्याहून लहान होता. मुकाट फोटो काढत होता, चारही बाजू, काचा, मीटर, चेसिस नंबर. मला वाटलं, दहा मिनिटांत आटपेल. तेवढ्यात काका दूध घेऊन आले. पिशवी आपल्या मारुतीच्या कव्हरवर ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"इन्शुरन्सचे का साहेब तुम्ही?"

"हो काका."

"छान. बारकाईने बघा हं. खाली वाकून बघा."

पोरगा वाकला. काकाही वाकले, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असताना.

"ही गाडी मुळात एवढी खाली नसते. आमच्या गेटच्या स्पीडब्रेकरला रोज घासते. मी गॅलरीतून मोजलंय, आठवड्यात अकरा वेळा."

"काका, ते..." मी म्हणालो.

"अरे, मी तुझ्याच भल्याचं सांगतोय. विम्यात लपवाछपवी चालत नाही. उद्या क्लेम नाकारला तर? साहेब, सायलेन्सर चालू करून ऐका."

ऐकला. तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं.

"कोल्हापूरची गाडी, तरीच," काका म्हणाले. पोरगा सहज बोलून गेला, की विम्याच्या झोनमध्ये पुणे 'ए'त आहे आणि कोल्हापूर 'बी'त. काकांचा चेहरा असा उजळला, की जणू शनिवारवाड्यावर परत जरीपटका लागला. 'ए' म्हणजे हप्ता जास्त, हे त्यांना सांगून पाहिलं. "असणारच," ते म्हणाले.

मग नंबरप्लेट. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना सरकारने सक्तीची केलेली नवी सुरक्षा प्लेट, एचएसआरपी, मी आल्या आल्या लावून घेतली होती. गाडीवर कायदेशीर म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. पोरगाही त्यावर खूश होता.

"आता आहे व्यवस्थित," काका म्हणाले. "पण आधी इथे ४१४१चं 'दादा' केलेलं होतं. माझ्याकडे फोटो आहे."

फोटो होता. तारखेसह होता. का होता, हे मी अजून विचारलेलं नाही.

तोवर वॉचमनमामा, इस्त्रीवाला आणि क्रिकेट सोडून आलेली चार पोरं जमली होती. पोरग्याने स्टिअरिंगखालच्या एका बटणाला हात लावला. मी महिनाभर ते बटण फॉगलॅम्पचं समजत होतो आणि फॉगलॅम्प बिघडलाय म्हणून गप्प होतो. बटण दाबलं आणि गाडीच्या पोटाखालून निळा उजेड पसरला. स्वर्गात वगैरे असतो तसा. इस्त्रीवाल्याने "आयला" म्हटलं. एक पोर म्हणालं, "दादा, परत लाव ना." माझी मान खाली, आणि खाली सगळं निळं.

"हे इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीत धरावं लागेल, सर. व्हॅल्यू काय लावू?"

मला काय ठाऊक! काका म्हणाले, "तीनशे लावा. आमच्या गणपतीला तसलीच माळ तीनशेला आणली होती. गेल्या वर्षी निम्मी लागली नाही."

पोरग्याने शेवटचा फोटो मागच्या काचेचा काढला. 'खुळा' नीट यावा म्हणून मला बाजूला सरकायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, रिपोर्ट नॉट रेकमेंडेड जाईल." हळू म्हणजे काकांना ऐकू जाईल इतपत. "बघ," काका म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

आता जरा मनातलं. गाडीत वाटेल ते बदल करायचे नाहीत हे मला मान्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं, आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ गोष्टींत फेरफार चालणार नाही. पण मग हे सायलेन्सर भररस्त्यावरच्या दुकानांत टांगलेले कसे असतात? विकताना त्यावर कर घेतात, लावला की दंड घेतात आणि जप्त केला की रोडरोलरखाली घालून वर्तमानपत्रात फोटो छापून आणतात. एका सायलेन्सरवर किती जणांनी जगावं? आणि हे सगळं ज्याने केलं, तो कोल्हापुरात बसून नवी गाडी खाली बसवत असेल. स्प्रिंगही मी कापल्या नाहीत आणि दिवाही मी लावला नाही. मी फक्त पैसे द्यायला निघालो होतो.

पैशांचीही गंमत बघा. माझ्या १,२४८ सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे माझ्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यापुरता, २०२२च्या दराने ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. झाले ४,०३० रुपये ८८ पैसे. विमा नसताना पकडलं, तर पहिल्यांदा दंड २,००० आणि दुसऱ्यांदा ४,०००. कायद्यात तुरुंगही लिहिलाय, ते सोडा. पण नुसता दंड धरला, तर दोनदा पकडला गेलेला माणूससुद्धा दुसऱ्या वेळी माझ्यापुढे तीस रुपयांनी फायद्यात असतो. तरी मी त्याच संध्याकाळी थर्ड पार्टी घेतला, त्याला तपासणी लागत नाही. सोबत मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. वारस म्हणून आईचं नाव टाकलं. आई म्हणाली, "पंधरा लाख? आणि गाडी दोनची?" मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मला ते आवडलं नाही.

पूर्ण विम्यासाठी मात्र गाडी मूळपदावर आणायला लागणार. रविवारी जुन्या बाजारात हिंडून एक स्विफ्टचा सायलेन्सर मिळवला, माझ्याच स्विफ्टचा मूळ असेल तर आश्चर्य वाटणार नाही. स्प्रिंग आणि चौदा इंची चाकं गॅरेजवाल्याने कुठूनतरी आणली. बॉनेटवरचं नाक काढलं, तिथे आता चार भोकं आहेत, एम-सील भरलेली. निळी माळ इस्त्रीवाला घेऊन गेला. 'खुळा'साठी हेअर ड्रायर लावून बघितला, त्यात 'खु' गेला. 'ळा' राहिलाय.

फेरतपासणी येत्या सोमवारी आहे. मी कोणाला बोललो नव्हतो. काल रात्री इंटरकॉम वाजला.

"सोमवारी साडेदहा ना? मी रक्ततपासणी मंगळवारवर ढकललीय. आणि अरे, त्या दिवशी गडबडीत साहेबांना तुझ्या हॉर्नचं सांगायचं राहूनच गेलं."