नेगारिस्तानच्या भिंतीवरचा दरबार प्रत्यक्षात कधीच भरला नव्हता

इराणच्या काजार घराण्याचा फतह अली शाह सिंहासनावर, भोवती त्याचे शाहजादे आणि दोन्ही बाजूंना मानकऱ्यांच्या रांगेत युरोपीय वकील, म्हणजे राजदूत, असे एक चित्र सर्रास पुढे पाठवले जाते. तेहरानमधल्या एका नवरोजच्या दरबाराचे हे डोळ्यांदेखत काढलेले चित्र असून त्यात शाहच्या मुलांची एकजूट दिसते, असे त्यासोबत सांगितले जाते. हे दोन्ही दावे टिकणारे नाहीत.

मुळात आपण पाहतो ती नक्कल आहे. अब्दुल्ला खान या दरबारी चित्रकाराने 1812-13 च्या सुमारास तेहरानच्या नेगारिस्तान महालाच्या तीन भिंतींवर 118 पूर्णाकृती रंगवल्या. ते भित्तिचित्र नष्ट झाले असून त्याची कल्पना आज केवळ प्रतींवरून येते.

डोळ्यांदेखत काढल्याचा दावा वकिलांपाशीच कोसळतो. फ्रेंच जनरल गार्दान 1807 च्या अखेरीस तेहरानला आला आणि 1809 च्या फेब्रुवारीत, इंग्रज वकील हार्फर्ड जोन्स तिथे पोहोचण्याच्या सुमारासच, त्याला निघावे लागले, कारण इंग्रजांशी तह करायचा तर फ्रेंचांना निरोप देणे शाहला भागच होते. दुसरा इंग्रज वकील गोर औस्ली तर 1811 मध्ये आला. जॉन माल्कम, म्हणजे 1818 मध्ये ज्याच्या स्वाधीन दुसरा बाजीराव झाला आणि जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तोच, 1800 आणि 1810 मध्ये शाहला भेटला खरा, पण गार्दानचा तेहरानात मुक्काम असताना, 1808 मध्ये, त्याला इराणच्या दक्षिणेकडील बुशहर बंदराच्या किनाऱ्यावरूनच परतावे लागले होते. तरीही चित्रात हे सगळे एकाच वेळी हजर आहेत. चित्रकाराने दहा-बारा वर्षांच्या भेटी एका क्षणात आणल्या, आणि परस्परांचे वैरी शाहपुढे सारख्याच अदबीने उभे केले. माझ्या मते या चित्राचे खरे सामर्थ्य इथेच आहे.

चेहरे सारखे दिसतात म्हणून चित्रकाराला अकुशल ठरवणेही अन्यायाचे आहे. कमरेपर्यंत रुळणारी काळीभोर दाढी, जुळलेल्या भुवया आणि बारीक कंबर हा त्या दरबाराने ठरवलेला राजबिंडेपणाचा साचा होता.

राहिली एकजूट. मोठे शाहजादे एरवी आपापल्या सुभ्यांवर असत. युवराज अब्बास मिर्झा तब्रीझहून रशियाशी लढत होता आणि 1812 मध्ये अस्लांदुझला त्याचा दारुण पराभव झाला. त्याच्याहून काही महिन्यांनी थोरला असलेला मुहम्मद अली मिर्झा कर्मानशाहचा कारभार पाहत होता; आई काजार कुळातली नसून जॉर्जियन असल्यामुळे त्याला डावलण्यात आले होते आणि दोघा भावांतली चुरस उघड होती. अब्बास 1833 मध्ये वारला, पुढच्याच वर्षी शाहही गेला, तेव्हा अब्बासच्या मुलाला गादीवर स्थिर होण्यासाठी तेहरान आणि शिराझ इथे स्वतःला शाह म्हणवणाऱ्या आपल्याच काकांना मोडून काढावे लागले.