मुंबई ते न्यूयॉर्क, फक्त साडेसहा तास!

अमेरिकेला जायचं म्हटलं की बॅग भरायच्या आधी अख्ख्या खानदानाला एकाच प्रश्नाचं उत्तर देत फिरावं लागतं, किती तास लागतात गं? मी म्हटलं सोळा. काकांना पटेना. त्यांनी तिकिटाची प्रिंट ओढून घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि जाहीर केलं, मुंबईहून रात्री १ ला सुटतं, न्यूयॉर्कला सकाळी ७:३० ला टेकतं, तारीख तीच, म्हणजे साडेसहा तास! मग परतीचं पान उलटलं. तिथून सकाळी ११, इथे दुसऱ्या दिवशी १०:३०. "साडेतेवीस! एजंटने गंडवलं तुला, येताना लांबून फिरवून आणतायत."

खरं तर अगदी उलटं आहे हो. जाताना सोळा तास आणि येताना चौदाच्या आसपास, कारण वर जेट स्ट्रीम नावाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहत असतो, जाताना तो तोंडावर येतो आणि येताना पाठीवर. वर घड्याळांचा घोळ, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेदहाचा, कारण तिकडचे लोक वर्षातून दोनदा घड्याळच सरकवतात. हे ऐकल्यावर काकांचा अमेरिकेवरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी लावली. त्यांच्या रेघेत सौदी, इजिप्त, मोरोक्को आणि मग समुद्रच समुद्र. मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला तर तो वर चढून नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलँडच्या टोकाखालून खाली उतरला, आणि हाच सगळ्यात जवळचा रस्ता, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. "दोरा सैल धरलायस तू," काका म्हणाले. (विमानही अगदी दोऱ्यावरून जात नाहीच, वारा आणि कुणाच्या हद्दीतून जाऊ देतात ते बघून वळतं, पण हे मी बोलले नाही. मला जेवायचं होतं.)

आणि सोळा हे नुसते हवेतले. बोरघाटात कंटेनरच्या मागे काढलेला वेळ, एअरपोर्टवर तीन-चार तास आधी जाऊन बसणं, तिकडची इमिग्रेशनची रांग, हे कुठल्या तिकिटावर छापतात? माझी सीट मधली. शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावर गाढ झोपलेले, आणि समोरच्या स्क्रीनवर ते इवलंसं विमान, म्हणजे इवलंसं कसलं, अर्धा कॅस्पियन समुद्र झाकून बसलेलं, डुलकी काढून उठले तरी तिथेच. वेग ताशी ८०० दाखवतंय, बाहेर उणे ५४, आणि पोचायला अजून ११ तास. मी दोनदा स्क्रीन पुसून बघितली.

इकडे पुण्यात काकांनी सकाळी साडेसातच्या ठोक्याला, चहाचा कप हातात घेऊन, जर्सीला माझ्या नवऱ्याला फोन लावला. "जावईबापू, उतरली का आमची पोरगी?"

"काका, इथे अजून कालची रात्र चालू आहे. दहा वाजलेत."

काका क्षणभर गप्प. मग आत बघून ओरडले, "अगं, विमान लेट आहे!"