स्वतःची बंदूक, सरकारी काडतूस

जुन्या युद्धांत प्रत्येक सैनिकाला आपल्या पसंतीची बंदूक घरून नेता येत असे आणि पुढे नोकरशाहीने हा हक्क विनाकारण काढून घेतला, असा दावा ब्रिटनचे चर्चिल, अमेरिकी सेनापती पॅटन आणि अमेरिकी सैन्यातील लेफ्टनंट जॉन जॉर्ज यांचे दाखले देऊन सर्रास केला जातो. दाखले खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

एक तर हे तिघेही अधिकारी होते. ब्रिटिश सैन्यात तलवार आणि पिस्तूल अधिकाऱ्याने पदरमोड करून घ्यायचे असे, तर साध्या शिपायाला सरकारी रायफलच मिळे. १८९८ मध्ये सुदानमधील ओमदुर्मानच्या लढाईत चर्चिल यांनी मॉझर पिस्तूल हाती घेतले, कारण खांद्याच्या जुन्या दुखापतीमुळे त्यांना तलवार चालवणे अवघड होते. पॅटन यांची हस्तिदंती मुठीची रिव्हॉल्व्हरे दुसऱ्या महायुद्धात मुख्यतः सेनापतीचा रुबाब होती. त्यांना पुरावा म्हणून पुढे करणे जरा गमतीचेच.

‘पसंतीची बंदूक’ हा भाग तर अधिकाऱ्यांनाही पुरता लागू पडत नाही. खासगी पिस्तुलात सरकारी काडतूस बसले पाहिजे, अशी ब्रिटिश सैन्याची अट होती, कारण बंदूक एकदाच विकत घेता येते, पण गोळ्या रोज लागतात आणि त्या पुरवठ्याच्या गाड्यांतूनच येतात. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील ग्वाडलकॅनाल बेटावर जॉर्ज यांची स्वतःची दुर्बीण लावलेली विंचेस्टर रायफल उपयोगी ठरली, कारण तिला अमेरिकी सैन्याचेच .३०-०६ काडतूस लागत होते. १८६३ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातील वाइल्डर यांच्या ब्रिगेडमधील शिपायांनी प्रत्येकी सुमारे ३५ डॉलरच्या कर्जरोख्यावर सह्या करून स्पेन्सर रायफली मागवल्या, तेव्हा त्यांनीही ब्रिगेडसाठी एकच बनावट निवडली. ज्याची त्याची आवड तिथे चालली नाही. पुढे तो खर्च सरकारने उचलला.

राहिला ‘विनाकारण’ हा शब्द. शिकारीच्या अनेक गोळ्या शरीरात शिरल्यावर पसरतील अशाच बनवलेल्या असतात, आणि अशा गोळ्या युद्धात वापरण्यास १८९९ च्या हेग घोषणेने, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय कराराने, मनाई केली. घरून आणलेल्या पेटीत कोणती काडतुसे आहेत, याची जबाबदारी सेनापतीने कशी घ्यावी? १९९० मध्ये आखातातील अमेरिकी सैन्याला खासगी बंदुका बाळगण्यास बंदी करणाऱ्या आदेशात मद्यालाही बंदी होती आणि यजमान देशांचे कायदे व सैन्याची शिस्त ही त्याची कारणे त्यातच दिलेली होती.