माझ्या हाताची कोंबडी

उजव्या हाताच्या नखांत अजून निळा रंग आहे. खोबरेल तेल झालं, रॉकेल झालं, बायकोची बोलणी झाली. रंग तसाच.

रविवारी आमची सोसायटी आणि पलीकडची वस्ती यांच्यामधली भिंत दोन्हीकडच्या पोरांनी मिळून रंगवली. भाचीने आदल्या दिवशी मोबाइलवर मुंबईतली असल्फाची टेकडी दाखवली, ती मेट्रोतून दिसते ती, 2017-18च्या सुमारास वस्तीतली घरं रंगवलेली. मी ऐटीत म्हटलं, ‘‘अगं, 2009 मध्ये तुळशी पाइप रोडची भिंत लोकांनीच रंगवली होती, माहीम ते दादर.’’ ‘‘मामा, तू होतास?’’ होतो. बसमध्ये, खिडकीशी. हे मी सांगितलं नाही आणि तिथंच फसलो.

कल्पना अशी की दोन्हीकडच्या लोकांनी पंजे उमटवायचे, शेजारी शेजारी. मी पंजा बुडवला, टेकवला, आणि तो घसरला. भिंतीला ओल, पोरांनी प्रायमर न मारताच रंगाचा एक हात दिलेला. उमटली सहा बोटं. वस्तीतली एक मुलगी समजूतदारपणे म्हणाली, ‘‘राहू दे काका, याची कोंबडी करू.’’ अंगठ्याची मान, बोटांचा पिसारा, खाली दोन काड्या. झालं. इतरांचे ते हात, माझी ती कोंबडी.

तेवढ्यात नाक्यावरचा चिकनवाला आला. हँडलला दोन्ही बाजूंनी उलट्या कोंबड्या लटकवलेली स्कूटर त्याने स्टँडवर लावली, मागे सरकला, एक डोळा मिटला.

‘‘ही कोणी काढली?’’

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

‘‘साहेब, गावठी आहे की बॉयलर?’’

‘‘अहो, तो माझा हात आहे.’’

‘‘ते बरोबर. पण बॉयलरला एवढा पिसारा नसतो. आणि गावठी म्हणाल तर निळी कशी?’’

‘‘बदक असेल,’’ पलीकडच्या एक मावशी म्हणाल्या.

‘‘बदकाची मान अशी असते?’’ तो दुखावलाच. ‘‘वीस वर्षं हातात कोंबडी आहे माझ्या.’’

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे जोशी, जे वस्तीतल्या माणसाशी आजवर फक्त पार्किंगवरून बोलले आहेत, ते पुढे होऊन म्हणाले, ‘‘मोर का नाही?’’ मग मोराची बाजू, बदकाची बाजू. जोशी शुद्ध शाकाहारी, तरी तंगडीच्या लांबीवर हिरिरीने बोलत होते. शेवटी चिकनवाल्याने तोड काढली, ‘‘काळी करून टाका. कडकनाथ म्हणता येईल. महाग असतो, साहेबांची इज्जत राहील.’’ मावशींनी टाळी दिली, ती जोशींनी घेतली. वस्ती आणि सोसायटी एक झाली ती अशी, माझ्या पंजावर. मला कोणी विचारलंच नाही.

पोरांचा राग नाही. दिवसभर उन्हात खपली बिचारी. पण या भिंतीत एक छोटं गेट आहे. लॉकडाउनमध्ये कमिटीने ‘तात्पुरतं’ बंद केलं, ते आजतागायत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका पंधरा मिनिटांचा वळसा घालून येतात, आणि उशीर झाला की बोलणी खातात. पोरांनी त्या गेटवर सूर्यफूल काढलं. कुलूप बरोबर मधोमध आलं, तेही पिवळं केलं. आता रंग आत जाऊन वाळलाय. परवा मी सेक्रेटरींकडून किल्ली मागून आणली, तर ती शिरेचना. ते म्हणाले, ‘‘आता राहू द्या, किती छान दिसतंय.’’ भिंतीच्या माथ्यावर काचाही आहेत, जुन्या बाटल्यांच्या. त्या कोणी रंगवल्या नाहीत. हात पोचत नव्हता म्हणे.

आणि चिकनवाला. रोज सकाळी मी दुधाला निघालो की नाक्यावरून भर रस्त्यात ओरडतो, ‘‘साहेब, कोंबडी काय म्हणते?’’ लोक वळून बघतात.

आज बघतो तर रात्रीत कोणीतरी तिच्याखाली खडूने अंडं काढून ठेवलंय. मी तडक त्याच्या दुकानात गेलो. त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले, माझ्याबरोबर भिंतीपर्यंत चालत आला आणि वाकून नीट पाहिलं.

‘‘लहान आहे,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे गावठीच.’’