रुरकीची १८५१ सालची गाडी आणि सोलानीचा जलसेतू

एप्रिल महिना आला की एक संदेश ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली हे खोटं आहे. ती १८५१ साली रुरकीत धावली. तिथे इंग्रजांनी गंगेचा कालवा नदीखालून बोगद्याने नेला आणि तोही केवळ दुष्काळग्रस्तांच्या कणवेपोटी.' माझ्या ओळखीच्या शिक्षकांनीही तो पुढे ढकललेला पाहिला, म्हणून हे लिहितोय.

आज उत्तराखंडात असलेल्या रुरकीत डिसेंबर १८५१ मध्ये वाफेचं इंजिन चाललं, हे खरं आहे. 'थॉमसन' असं त्याचं नाव. पण ती गाडी बांधकामावरची होती. कालव्याच्या भरावाची माती वाहायची. तिकीट काढून कुणी तिच्यात बसलं नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० माणसं घेऊन जी गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला गेली, ती सार्वजनिक प्रवासी वाहतुकीची सुरुवात. ठाण्याचा मान तेवढाच आहे आणि त्याला रुरकीमुळे काही धक्का लागत नाही. शिवाय बांधकामावरच्या रेल्वेही मोजायच्या ठरवल्या तरी रुरकी पहिली ठरत नाही. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहण्यासाठी रूळ टाकले होते. पुढे १८४५ मध्ये आंध्रातल्या दौलेश्वरमला, आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या गोदावरीवरच्या बंधाऱ्यासाठी, दगड वाहणारी रेल्वे होती. या दोन्ही कामांमागे आर्थर कॉटन हा अभियंता होता. गंमत म्हणजे याच कॉटनने १८६० च्या दशकात गंगा कालव्याच्या आखणीवर कडाडून टीका केली आणि कालव्याचा कर्ता प्रोबी कॉटले याच्याशी त्याचा जाहीर वाद झाला.

बोगद्याची गोष्ट तर उलटीच आहे. रुरकीजवळ कालवा सोलानी नदीच्या खालून जात नाही, वरून जातो. प्रत्येकी पन्नास फुटांच्या पंधरा कमानी, त्यांवरून वाहणारा कालवा आणि खाली नदी. दोन्ही टोकांना दगडी सिंह बसलेले आहेत. कमानींचा भाग ९२० फूट भरतो, पण खरं अवघड काम त्याच्या दोन्ही बाजूंना होतं. सोलानीचं खोरं चार किलोमीटरहून रुंद. तेवढं अंतर कालवा जमिनीच्या वर, मातीच्या भरावावरून न्यायचा होता. 'थॉमसन' इंजिन आणलं ते या भरावासाठी. संदेश लिहिणाऱ्याला गाडी दिसली, पण ती ज्याच्यासाठी धावली तो भराव दिसला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बोगद्याचा घोळ कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. हरिद्वार ते रुरकी या पट्ट्यात शिवालिक डोंगरांतून उतरणारे ओढे पावसाळ्यात बेफाम होतात आणि कॉटलेने प्रत्येकाची वेगळी तजवीज केली. राणीपूर आणि पथरी या ओढ्यांचं पाणी कालव्याच्या डोक्यावरून पलीकडे जातं, म्हणजे तिथे कालवा खरोखरच खाली आहे. धनौरीला रतमऊ नदी आणि कालवा एकाच पातळीवर भेटतात आणि पूर दारं उघडून सोडावा लागतो. सोलानीत नदी खाली, कालवा वर. वीस-बावीस मैलांत एकाच अडचणीची ही तीन उत्तरं. स्थापत्य शिकणाऱ्या मुलांना हा पट्टा चालत दाखवायला हवा. याच कामाला माणसं लागतात म्हणून १८४७ मध्ये रुरकीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. आजचं रुरकीचं आयआयटी त्यातूनच वाढलं.

राहता राहिली कणव. १८३७-३८ चा दोआबातला, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या प्रदेशातला, दुष्काळ भयानक होता. बळींचा अंदाज आठ लाखांच्या घरात जातो. त्यानंतरच कालव्याला जोर आला, हेही खरं. पण दुष्काळात ईस्ट इंडिया कंपनीचा शेतसाराही बुडाला होता आणि कालव्याचं पाणी शेतकऱ्याला फुकट मिळणार नव्हतं, त्यावर पाणीपट्टी होती. केवळ कणवच असती तर काम रखडलं नसतं. एप्रिल १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली आणि लगेच गव्हर्नर जनरल एलनबरोने हात आखडता घेतला. सिंचनाआधी नौकानयन, असा त्याचा आग्रह होता. काही वर्षं काम अगदी तुटपुंज्या पैशांवर रेंगाळलं. पुढचा गव्हर्नर जनरल हार्डिंज याच्या काळात, १८४७ पासून, त्याला खरी गती आली. ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडलं, तेव्हा त्या दुष्काळाला सोळा वर्षं उलटून गेली होती.