खुलासा : ‘राज्यांचे हक्क’ नेमके कुणी पुढे केले?

अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, राज्यांच्या हक्कांवरून पेटलं; गुलामगिरी असलेल्या दक्षिणेतल्या राज्यांना केंद्राची ढवळाढवळ नको होती, असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो १८५०च्या पळालेल्या गुलामांविषयीच्या केंद्रीय कायद्यापाशीच (फ्युजिटिव्ह स्लेव्ह अ‍ॅक्ट) अडतो. पळालेले गुलाम परत मिळावेत म्हणून केंद्राने उत्तरेत हात घालावा, ही मागणी दक्षिणेचीच होती.

कलमं बघा. पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. माणूस मालकाच्या हवाली केला तर कमिशनरला (असे खटले ऐकणारा केंद्राचा अधिकारी) १० डॉलर, सोडला तर ५. (समर्थन काय, तर हवाली करताना कागदपत्रं जास्त लागतात!) आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद. शिवाय मार्शलने, म्हणजे केंद्राच्या पोलीस अधिकाऱ्याने, बोलावलं की सामान्य नागरिकानेही धरपकडीला जायचं. गुलामगिरीशी देणंघेणं नसलेला बॉस्टनकर असा त्यात ओढला गेला. १८५४मध्ये तिथून अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला परत न्यायला रस्त्यावर सैनिक उभे करावे लागले.

राज्याचा हक्क दाखवला तो उत्तरेने. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. १८५९मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि डिसेंबर १८६०मध्ये देशातून फुटून निघताना दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना राज्याने जाहीरनाम्यात स्पष्ट तक्रार नोंदवली, की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत.